वारा तोच, शीड तेच, वेग मात्र चार नॉटांनी जास्त: पाण्याच्या स्थितीचा विंडसर्फिंगच्या सर्वोच्च वेगावर नेमका किती परिणाम होतो?

खारेवारे, पणजी

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षे मी दोनापावला आणि बांबोळी या परिसरात विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवरून पाण्यावर धावण्याचा खेळ, करतो आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत दुपारचे खारे वारे वायव्येकडून नेमाने सुटतात आणि चांगल्या दिवशी १६ ते १८ नॉटपर्यंत जातात (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). माझ्याकडे १०५ लिटरचा स्लॅलम (वेगासाठीचा) बोर्ड, ७ चौरस मीटरचे शीड आणि ३८ सेंटिमीटरची फिन, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकाखालचे उभे पाते, आहे. दोन वर्षांपूर्वी जीपीएसचे घड्याळ घेतले, तेव्हापासून प्रत्येक दिवसाचा सर्वोच्च वेग, म्हणजे सलग दोन सेकंद टिकलेला वेग, मी वहीत उतरवून ठेवतो. झुआरीच्या मुखाशी मिळालेल्या आकड्यांत २५.४ नॉटच्या वर एकही आकडा नाही. वारा वाढला तरी वेग तिथेच अडकतो. उलट २० नॉटच्या पुढे वारा गेला की वेग थोडा कमीच होतो, कारण बोर्ड सारखा उडू लागतो आणि मलाच शीड सैल सोडावे लागते.

गेल्या एप्रिलमध्ये बहिणीकडे मालवणला गेलो तेव्हा सामान बरोबर नेले होते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या वेळी वाळूचा दांडा उघडा पडतो. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास वारा दांड्यावरून आडवा येऊन नदीच्या बाजूला उतरत होता. मी वाळूवर उभा राहून मापला तर १६ ते १७ नॉट, म्हणजे गोव्यात रोज मिळतो तेवढाच. दांड्याच्या आतल्या कडेने, वाळूपासून जेमतेम तीन-चार मीटर अंतर ठेवून मी फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत २७ नॉट आले आणि चौथ्या फेरीत २९.३. गोव्यात बोर्डाखालच्या ज्या खडखडाटाची पायांना सवय होऊन गेली आहे तो एकदम थांबला आणि कापड फाडताना येतो तसा एकसारखा बारीक आवाज तेवढा येत राहिला.

आता माझा प्रश्न. वारा, शीड, बोर्ड, फिन आणि माणूस हे सगळे तेच असताना जवळपास चार नॉटांचा फरक केवळ पाणी सपाट असल्यामुळे पडू शकतो का, की घड्याळाची काही चूक असावी? पाण्याची खोली, नदीचे कमी खारट पाणी, तापमान, ओहोटीचा प्रवाह यांतील कशाचा वाटा किती, हेही कोणी समजावून सांगितले तर बरे होईल. येत्या मोसमात ३० नॉटचा टप्पा ओलांडायची मनापासून इच्छा आहे आणि त्यासाठी लहान शीड घ्यावे, लहान फिन घ्यावी की आधी पाणी शोधावे, हे मला ठरवायचे आहे.

प्रवाहमापक, पुणे

तुमच्या घड्याळाची चूक असण्याचे कारण दिसत नाही. चार नॉटांचा फरक पाण्यामुळे पडू शकतो, आणि तो का पडतो याचा हिशेब कागदावर ढोबळपणे मांडताही येतो. मी यंत्र अभियंता आहे, खडकवासल्याच्या पाण्यावर शीड धरायला शिकलो, आणि या प्रश्नावर बराच विचार केलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेगाने जाणारा बोर्ड पाण्यावर तरंगत नसतो, तो पाण्यावरून घसरत असतो. २५-३० नॉटला बोर्डाचा फक्त मागचा थोडा भाग आणि फिन एवढेच पाण्याला टेकलेले असते. पाणी सपाट असेल तर हा टेकलेला भाग स्थिर राहतो, आणि तो जितका लहान तितका रोध कमी. पाण्यावर चॉप, म्हणजे वाऱ्याने उठलेल्या आखूड खडबडीत लाटा, असतील तर बोर्ड एका क्षणी हवेत आणि दुसऱ्या क्षणी पुढच्या लाटेच्या अंगावर आपटलेला असतो. प्रत्येक आपटण्याबरोबर ओला भाग एकदम वाढतो, पुढे पाण्याचा फवारा उडतो आणि तुमच्याकडची गती त्या फवाऱ्यात खर्च होते.

आता आकडे. समजा लाटांच्या दोन माथ्यांमध्ये २ मीटर अंतर आहे. खोल पाण्यात अशी लाट स्वतः सेकंदाला सुमारे १.८ मीटर वेगाने वाऱ्याबरोबर पुढे जाते. तुमचा वेग २५ नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे १३ मीटर. वारा पाठीमागून तिरका घेत, म्हणजे वाऱ्याच्या उगमापासून १३० अंशांवर तुम्ही जात असाल, तर तुमच्या वेगाचा वाऱ्याच्या दिशेतला भाग सुमारे ८.३ मीटर होतो. याचा अर्थ तुम्ही लाटांना मागून गाठत, सेकंदाला साडेसहा मीटरने त्यांना ओलांडत जाता, आणि दर सेकंदाला तीनपेक्षा थोडे जास्त माथे बोर्डाखाली येतात. या गतीने पाण्याच्या चढउताराला चिकटून राहायचे असेल तर बोर्डाला वरखाली जे त्वरण लागते ते लाट सुमारे साडेचार सेंटिमीटर उंच झाली की गुरुत्वाकर्षणाइतके होते. त्याहून उंच लाटेवर बोर्ड माथ्यावरून खाली उतरूच शकत नाही, तो सुटतो आणि उडतो. तुमचे गुडघे आणि शिडाचा दाब यांमुळे ही मर्यादा प्रत्यक्षात थोडी पुढे सरकते, पण गोव्याच्या दुपारी २०-३० सेंटिमीटरचा चॉप असतो हे लक्षात घेतले म्हणजे तुमचे पाय रोज कशाशी झगडतात ते कळेल. वेग दुप्पट झाला की चालण्याजोगी उंची साधारण चौथाईवर येते, म्हणून हा खेळ जसजसा वेगवान होत जातो तसतसे पाण्याबद्दलचे खेळाडूंचे वेड वाढत जाते.

दुसरे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते, आणि ते सहसा कोणी बोलून दाखवत नाही. बोर्ड सर्वांत वेगवान असतो तो वारा थेट बाजूने घेताना नव्हे, तर १२० ते १३५ अंशांच्या दरम्यान. पण वरच्या हिशेबात पाहा: वारा अगदी बाजूने घेत ९० अंशांवर गेलात तर तुम्ही लाटांच्या रांगांमधून त्यांना समांतर जाता आणि सेकंदाला एखादाच माथा ओलांडावा लागतो. जितके वाऱ्याखाली उतराल, म्हणजे वारा वाहतो त्या दिशेला वळाल, तितके ओलांडावे लागणारे माथे वाढतात. म्हणजे चॉप तुमचा वेग थेट कमी करतोच, शिवाय ज्या कोनात वेग मिळतो त्या कोनात उतरूच देत नाही. माझी विनंती आहे की तुमच्या घड्याळाने नोंदवलेल्या दोन्ही ठिकाणच्या मार्गांच्या रेघा काढून प्रत्येक सर्वोच्च फेरीचा वाऱ्याशी कोन तपासा. गोव्यात तुम्ही नकळत वाऱ्याच्या बाजूला चढून जात असाल असा माझा अंदाज आहे.

तिसरी गोष्ट फिनची. बोर्ड उडाला की फिनचा वरचा भाग हवेत उघडा पडतो आणि कमी दाबाच्या बाजूने हवा फिनवरून खाली ओढली जाते. मग फिनची पाण्यावरची पकड सुटते, त्यालाच आपण स्पिनआउट म्हणतो. तो होऊ नये म्हणून आपण मोठी फिन लावतो, आणि मोठी फिन सपाट पाण्यात नको इतकी उचल आणि रोध देते. तुमची ३८ ची फिन ही मुळात चॉपसाठी घेतलेली फिन आहे.

आणि हे सपाट पाणी कुठून येते? वारा पाण्यावरून जितके अंतर धावत येतो त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लाट वाढते. १८ नॉटच्या वाऱ्यात काठापासून १० मीटरवर लाट सुमारे दीड सेंटिमीटर असते, १ किलोमीटरवर सुमारे १५ सेंटिमीटर. हे अंदाजी आकडे आहेत, पण तुमच्या चार नॉटांचे मूळ त्यांच्यातच आहे. देवबागला तुम्ही वाऱ्याकडच्या काठाला अगदी चिकटून होता.

उत्तरकाठ, लिव्हरपूल

प्रवाहमापक यांनी सांगितलेली काठाची गोष्ट या खेळाच्या विक्रमांवरून स्पष्ट दिसते, म्हणून ती मांडतो. मी मूळचा रत्नागिरीचा, पण गेली चौदा वर्षे इथे राहतो आणि शनिवार-रविवार वेस्ट कर्बीच्या सागरी तलावावर काढतो.

५०० मीटरच्या सरासरीवर मोजल्या जाणाऱ्या विक्रमांचा नकाशा काढला तर त्यावर खुल्या समुद्राचे ठिकाण जवळजवळ सापडत नाही. १९८६ मध्ये पास्कल माकाने फुएर्तेव्हेंतुरा बेटावरच्या सोताव्हेंतोच्या किनाऱ्यावर ३८.८६ नॉट केले, तिथे जोराचा वारा किनाऱ्यावरून पाण्याकडे वाहतो. त्यानंतर दक्षिण फ्रान्समधील सेंत-मारी-द-ला-मेर येथे या खेळासाठीच जमिनीत एक अरुंद सरळ कालवा खणण्यात आला आणि पुढची वीस वर्षे विक्रम त्या कालव्यात होत गेले. १९८८ मध्ये एरिक बीलने ४०.४८ नॉट करून चाळिशी ओलांडली, १९९० मध्ये माकाने ४२.९१, १९९३ मध्ये थिएरी बिएलाकने ४५.३४, २००५ मध्ये फिनियन मेनार्डने ४८.७० आणि २००८ मध्ये आंत्वान आल्बोने ४९.०९ नॉट केले. पन्नाशी मोडली ती नामिबियातल्या ल्युडेरिट्झ येथे, आणि तिथेही खणलेल्या कालव्यातच: २०१२ मध्ये आल्बोचे ५२.०५ आणि २ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याचेच ५३.२७ नॉट.

कालव्याचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. अरुंद कालव्यात वारा पाण्यावरून काही मीटरच धावतो, त्यामुळे ४० नॉटहून जास्त वारा असतानाही पाण्यावर बारीक तरंगांपलीकडे काही उठायला जागाच मिळत नाही. शिवाय कालव्याची दिशा वाऱ्याशी हव्या त्या तिरक्या कोनात खणता येते. ५० नॉटला ५०० मीटर पार करायला साडेएकोणीस सेकंदही लागत नाहीत, पण तेवढा वेळ पाणी सगळीकडे सारखेच सपाट असावे लागते. मध्येच वीस मीटरचा खडबडीत पट्टा आला तर सरासरी गेलीच. तुमच्या घड्याळावरच्या दोन सेकंदांना एवढी कडक अट नाही. उतरत्या लाटेच्या उतारावर नेमक्या वेळी शीड ओढून दोन सेकंद चांगले मिळवणारे लोक मी पाहिले आहेत, पण तो वेग ५०० मीटर टिकत नाही.

विंडसर्फिंग सोडून इतर शिडाच्या वाहनांकडे पाहिले तरी हेच दिसते. पॉल लार्सनने २४ नोव्हेंबर २०१२ रोजी सेलरॉकेट २ ही नौका ६५.४५ नॉटने नेली, तीही नामिबियातच, वॉल्व्हिस बे येथे, वारा सखल वाळूच्या काठावरून येत असताना.

सखल हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण काठ जवळ असून भागत नाही, तो बुटकाही असावा लागतो. काठावर घरे, झाडे किंवा उंच बांध असेल तर पाणी सपाट मिळते पण वारा फाटतो, कधी झोत तर कधी पोकळी. मग शिडात पुरेसा दाबच राहत नाही. वेस्ट कर्बीला तलाव आणि समुद्र यांच्यामध्ये दगडी भिंत आहे. नैर्ऋत्येचा वारा त्या भिंतीवरून येतो आणि आम्ही भिंतीपासून एक-दीड मीटरवरून जातो. हातभर पलीकडे गेलो की पायांना लगेच कळते. पण उधाणाच्या भरतीला समुद्र भिंतीच्या माथ्यावर चढतो, लाटा आत ओसंडतात, आणि त्याच वाऱ्यात त्याच जागी माझा वेग तीन-चार नॉटांनी पडतो. तोच वारा आणि तोच माणूस असा प्रयोग भरती-ओहोटीने माझ्यावर कित्येक वेळा केलेला आहे, म्हणून तुमचा आकडा वाचून मला अजिबात आश्चर्य वाटले नाही.

पाणपक्षी, ठाणे

एक शंका आहे. पाणी अगदी आरशासारखे असले तर बोर्ड त्याला चिकटतो आणि बारीक तरंग असले तर तो मोकळा सुटतो, असे मी ऐकले आहे. सीप्लेन चालवणारे वैमानिकही सांगतात की निश्चल पाण्यावरून उड्डाणाला जास्त अंतर लागते. मग सपाट पाणी चांगले म्हणताना आपण थोडी घाई तर करत नाही ना?

प्रवाहमापक, पुणे

शंका रास्त आहे, आणि वैमानिकांचा अनुभवही खरा आहे. बोर्ड पाण्यावरून घसरू लागण्याच्या क्षणी तळाखाली थोडी हवा मिसळली तर तो लवकर सुटतो, हे हलक्या वाऱ्यात आपणही पाहतो. पण १५ नॉटच्या पुढच्या वाऱ्यात आरशासारखे पाणी असूच शकत नाही. काठाला चिकटून असलेल्या पाण्यावरही वारा बोटभर लांबीचे तरंग उठवतोच, आणि ते इतके आखूड असतात की बोर्डाचा टेकलेला भाग एकाच वेळी अनेक तरंगांवर पसरतो आणि ते जाणवत नाहीत. त्यामुळे वेगाच्या प्रश्नात हा मुद्दा व्यवहारात उरत नाही.

मूळ प्रश्नातले खारटपणा आणि तापमान राहिले होते, ते इथेच उरकतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्याने उचल वाढते तसा रोधही वाढतो, आणि तुमच्या वेगात तो फरक ओळखूसुद्धा येणार नाही. तापमानाचा परिणाम थोडा अधिक आहे: ३० अंशांच्या पाण्याची श्यानता (चिकटपणा) १० अंशांच्या पाण्याच्या जवळपास साठ टक्के असते, म्हणून त्याचे पृष्ठघर्षण सात ते नऊ टक्क्यांनी कमी भरते. पण थंड हवा दाट असते, ५ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के जड, त्यामुळे उत्तरेकडच्या खेळाडूंना त्याच वाऱ्यात शिडात जास्त जोर मिळतो. आपले पाणी निसरडे आहे आणि त्यांचा वारा भारी आहे. देवबाग आणि बांबोळी यांच्यात मात्र दोन्ही सारखेच.

तापमानाबद्दल बोलताना कॅव्हिटेशनचे, म्हणजे दाब उतरल्याने पाण्यात वाफेचे बुडबुडे होण्याचे, नाव नेहमी काढले जाते, म्हणून तेही सांगतो. ५० नॉटला पाण्याचा गतिज (वेगामुळे येणारा) दाब वातावरणाच्या दाबाच्या तिपटीहून जास्त होतो, आणि फिनच्या एका बाजूचा दाब त्याच्या तीन दशांशाने जरी उतरला तरी पाणी तिथल्या तिथे उकळून वाफेचे बुडबुडे होतात. साध्या आकाराच्या फिनला त्याच्या आसपास मर्यादा पडते ती यामुळे. पाणी गरम असले तर ही वेळ किंचित लवकर येते, पण तो फरक नगण्य आहे. तीस नॉटच्या आसपास तुमची फिन सुटली तर ते कॅव्हिटेशन नव्हे, वरून ओढली गेलेली हवा आहे.

खारेवारे, पणजी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. प्रवाहमापक यांच्या सांगण्यावरून काल रात्री बसून घड्याळातील रेघा तपासल्या. गोव्यातल्या माझ्या सर्वोत्तम दहा फेऱ्यांपैकी आठ फेऱ्या १०० ते ११० अंशांच्या दरम्यान आहेत. मी वाऱ्याखाली उतरतो आहे असे मला त्या प्रत्येक वेळी वाटत होते. देवबागची २९.३ ची फेरी १२८ अंशांवर आहे. ही एवढी मोठी गोष्ट नऊ वर्षे माझ्या लक्षात आली नव्हती.

उत्तरकाठ यांनी लिहिलेले फाटक्या वाऱ्याचे वर्णनही ओळखीचे वाटले. देवबागला गावाच्या बाजूला, जिथे नदी आणि समुद्र यांच्यामध्ये माडांची रांग आहे, तिथे पाणी दांड्याइतकेच सपाट होते, पण माडांमागून वारा तुकड्यातुकड्यांनी येत होता आणि मला १९ नॉटही मिळाले नाहीत. उघडी वाळू सुरू झाली तशी शिडात एकसारखी ताकद आली.

आता फक्त दोन गोष्टी विचारतो. दांड्याच्या आत पाणी कमरेएवढे, काही ठिकाणी गुडघ्याच्या वर होते. एवढ्या उथळ पाण्याचा वेगाला फायदा होतो की तोटा? आणि नदीचा प्रवाह घड्याळाच्या आकड्यात मिसळला असेल का?

दक्षिणसागर, मेलबर्न

दोन्ही प्रश्नांची उत्तरे अनुभवाने देऊ शकतो, कारण माझे बहुतेक सगळे खेळणे उथळ पाण्यातले आहे. इथून दक्षिणेला व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर सँडी पॉइंट नावाची जागा आहे. १९९३ मध्ये यलो पेजेस एंडेव्हर या शिडाच्या नौकेने ४६.५२ नॉटचा विक्रम तिथेच केला होता. वाळूचा लांब सखल दांडा, आत उथळ खाडी, दांड्यावरून येणारा पश्चिमेचा जोरदार वारा. तुमचे देवबाग त्याचेच धाकटे भावंड म्हणायला हरकत नाही.

उथळपणाचा पहिला फायदा असा की पाणी कमी असले की लाटेला वाढायला वाव राहत नाही आणि दूरची मोठी लाट वाळूवर घासून आधीच मोडलेली असते. दुसरा फायदा बोर्डाने स्वतः उठवलेल्या लाटेचा. अर्धा मीटर खोल पाण्यात कोणतीही लाट सेकंदाला सव्वादोन मीटरपेक्षा वेगाने जाऊ शकत नाही, तुम्ही त्याच्या सहा-सातपट वेगाने जात असता. त्यामुळे तुमची स्वतःची लाट कधीच मागे पडलेली असते आणि तिचा अडथळा राहत नाही. तळ जवळ असल्यामुळे बोर्डाला थोडी जास्त उचल मिळते असे इथले काही जण ठामपणे म्हणतात. मला स्वतःला तो फरक कधी जाणवला नाही, आणि असलाच तरी सपाटपणापुढे तो लहान असावा असे माझे मत आहे.

तोटा एकच, पण तो हाडे मोडणारा आहे. ३८ सेंटिमीटरची फिन गुडघाभर पाण्यात तळाला लागली तर बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस हार्नेसला, म्हणजे त्याला शिडाशी जोडणाऱ्या पट्ट्याला, बांधलेल्या अवस्थेत शिडासकट पुढे फेकला जातो. माझ्या एका खांद्याचे दुखणे अशाच एका दुपारचे आहे. वाळूचा दांडा दर भरतीला थोडा हलतो, म्हणून मागच्या आठवड्यात जिथून गेलात तिथून आज डोळे मिटून जाऊ नका. पाणी उतरल्यावर सबंध पट्टा आधी पायी चाला, उंचवट्यांच्या जागी काठ्या रोवा आणि मगच शीड उचला. पर्यटकांच्या होड्या तिथे असतीलच, तेव्हा दांड्यावर कोणीतरी आपला माणूस हात दाखवायला उभा हवा.

फिनबद्दल तुम्ही विचारले होते. सपाट पाण्यात ७ मीटरच्या शिडाला ३२ ची फिन पुरेल, कदाचित ३० ची सुद्धा. सुरुवातीला वेग धरेपर्यंत ती सुटू पाहील, तेव्हा मागच्या पायाने तिच्यावर जोर देऊ नका. आधी वारा बाजूने घेऊन वेग धरा आणि मग वाऱ्याखाली उतरा. पाण्यात शेवाळ किंवा गवत असेल तर मागे झुकलेली फिन लागते. एक हातभर लांब धागा सरळ फिनला अडकला तरी दोन-तीन नॉट जातात, आणि कारण शोधत माणूस दिवसभर शिडाच्या दोऱ्या घट्ट-सैल करत बसतो. शीड मात्र आत्ता बदलू नका. सपाट पाण्यात तेच शीड तुम्हाला लहान वाटू लागेल.

आता प्रवाह. जीपीएस जमिनीच्या मानाने वेग मोजते, त्यामुळे प्रवाह तुमच्या दिशेने एक नॉट असेल तर आकड्यात साधारण तेवढी भर पडतेच. पण नदीच्या मुखाशी प्रवाहाचे खरे महत्त्व पाण्याच्या पोतासाठी आहे. ओहोटीचे पाणी पश्चिमेला समुद्राकडे धावत असते आणि वारा वायव्येकडून त्याच्या तोंडावर येत असतो, तेव्हा लाटा आखूड, उभ्या आणि दातेरी होतात. मुख्य धारेत गेलात तर १५ नॉटच्या वाऱ्यातही तुम्हाला बांबोळीची आठवण होईल. भरती सुरू झाली की वारा आणि पाणी एका दिशेने जातात आणि पृष्ठभाग मऊ होतो, पण तोवर दांडा बुडायला लागतो आणि त्याच्यावरून लाट आत येते. म्हणून ओहोटीचा शेवटचा पाऊण तास आणि भरतीची पहिली वीस-पंचवीस मिनिटे एवढाच काळ तुमचा, आणि तोही मुख्य धारेपासून बाजूला, दांड्याच्या आडोशाला. तुमच्या २९.३ मध्ये प्रवाहाची भर किती हे पाहायचे असेल तर शीड न उचलता त्याच पट्ट्यात पाण्यावर एक शहाळे सोडा आणि पन्नास मीटर जायला त्याला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा.

उत्तरकाठ, लिव्हरपूल

दक्षिणसागर यांनी सांगितलेला काळ आपल्या खाऱ्या वाऱ्याच्या वेळेत बसायला हवा, हा एक भाग उरतो, आणि त्याला आपल्या कोकणातला जुना हिशेब उपयोगी पडेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, आणि त्याच्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी संपते. त्रयोदशीला सकाळी पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईकडे बरोबर बसतो, मालवणकडे भरती त्याआधी येते, म्हणून भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी ताडून घ्या. तरीही पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत ओहोटी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान संपते, म्हणजे नेमका वारा भरात असताना. शिवाय ते दिवस उधाणाचे असल्यामुळे पाणी सर्वांत खाली उतरते आणि दांडा सर्वांत लांब उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, दांडा पुरता वर येणारही नाही.

खारेवारे, पणजी

मागच्या वहीतली तारीख काढून पंचांगाशी ताडली: २९.३ नॉटचा तो दिवस शुद्ध चतुर्दशीचा होता. आजच ३२ ची फिन मागवली आहे. येत्या फाल्गुनातल्या त्रयोदशीपासून चार दिवस देवबागला मुक्काम करतो आहे. भाचा दांड्यावर उभा राहायला तयार आहे, आणि पहिल्या दिवशी मी शीड न उघडता फक्त वाळू चालणार आहे. वेगाबरोबर प्रत्येक फेरीचा कोन, वाळूपासूनचे अंतर आणि शहाळ्याने मोजलेला प्रवाह असे चारही आकडे इथेच लिहीन.